चौसष्टच्या वेगावर अख्खं घर : डायल-अप वाटून घेण्याबद्दलचे गैरसमज

रोजचा दीड-दोन जीबी डेटा रात्री आठ-नऊच्या सुमाराला संपतो. नेट पूर्ण बंद पडत नाही, पण एकदम रेंगाळायला लागतं. बहुतेक कंपन्यांच्या प्लॅनखाली बारीक अक्षरांत तो वेग छापलेला असतो : ६४ केबीपीएस. पंचवीस वर्षांपूर्वी टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मॉडेमचा कमाल वेग ५६ होता. म्हणजे रात्री बाराला नवा डेटा मिळेपर्यंत कळवण तालुक्यात ज्या घरांमध्ये एका फोनच्या हॉटस्पॉटवर तीन-चार जण बसलेले असतात, ती घरं वेगाच्या हिशेबाने डायल-अपच वाटून घेत असतात. तालुक्याच्या पश्चिमेला, सुरगाण्याच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यांवर डेटा शिल्लक असला तरी रेंजपायी कधीकधी एवढाच वेग पदरात पडतो.

अशा वेळी काय करावं याबद्दल जे सल्ले फिरतात, त्यांतले बरेचसे चुकीचे असतात आणि ते ऐकून लोक पैसे घालवतात. कोणी दोन हजारांचा राऊटर आणतो, कोणी आठवड्यात दोनदा जास्तीचा रिचार्ज मारतो. ज्या घरात हे पैसे कांद्याच्या पट्टीतून किंवा रोजंदारीतून येतात, तिथे ही उधळपट्टी बघवत नाही. म्हणून एकेक समज तपासून बघू.

गैरसमज : डायल-अपचं नेट वायफायवर देताच येत नाही

येतं, आणि वायफाय घरात शिरलं तेव्हापासून येतं. ॲपलने १९९९ मध्ये घरगुती वायफायसाठी एअरपोर्ट नावाचं बेस स्टेशन काढलं, त्यात ५६ केचा मॉडेम आतच बसवलेला होता. एका बाजूला टेलिफोनची वायर लावायची, दुसऱ्या बाजूने बिनतारी नेट घ्यायचं. त्याच वर्षी विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची सोय आली. ज्या कॉम्प्युटरला मॉडेम जोडला असेल, तो बाकीच्या कॉम्प्युटरांना नेट वाटू लागला.

आत चालतं ते असं. इंटरनेट पुरवणारी कंपनी तुम्हाला बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देते. घरातली उपकरणं आपापसांत खासगी पत्ते वापरतात. मधला कॉम्प्युटर प्रत्येकाची मागणी स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो, कोणाची मागणी कोणती याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. बाहेरच्याला वाटतं, इथे एकच यंत्र आहे. तार तांब्याची आहे, काचेची आहे की हवेतून टॉवरकडे जाते, याच्याशी या व्यवस्थेला काही देणंघेणं नाही. तुमच्या फोनचा हॉटस्पॉटसुद्धा हेच करतो. अँड्रॉइडमध्ये वायफाय हॉटस्पॉट २०१० मध्ये आला, आयफोनवर पुढच्या वर्षी.

मधली काही वर्षं आठवा. यूएसबीचा डोंगल खोचला की लॅपटॉपवर एक छोटी खिडकी उघडायची आणि तिच्यात लिहिलेलं असायचं ‘डायलिंग’. जीएसएमचा डोंगल *९९# लावायचा, सीडीएमएचा #७७७. समोर फोन उचलणारं कोणी नव्हतं, तरी कॉम्प्युटर डोंगलला मॉडेमच समजायचा आणि डायल-अपच्याच पद्धतीने बोलायचा. वायरने जोडलेल्या साध्या फोनवरूनही हेच व्हायचं. गावात तारेचं डायल-अप मोजक्या घरांनी आणि सायबर कॅफेंनी पाहिलं असेल, पण हे दुसरं डायल-अप पुष्कळांनी वापरलं आहे.

जुना मॉडेम किंवा डोंगल आजही हाताशी असेल तर त्याचं नेट घरभर देता येतं. विंडोजच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये त्या डायल-अप जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘शेअरिंग’च्या टॅबमध्ये खूण करा आणि ज्या पोर्टवर राऊटर लावणार तो पोर्ट निवडा. मग साधा वायफाय राऊटर जोडा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कॉम्प्युटरची वायर राऊटरच्या वॅन पोर्टात न लावता लॅनच्या पोर्टात लावायची आणि राऊटरचं डीएचसीपी बंद करायचं. पत्ते वाटायचं काम कॉम्प्युटर करत असतो; घरात पत्ते वाटणारे दोघं झाले की निम्मी उपकरणं भलत्याकडेच नेट मागत बसतात. कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा नसेल तर ओपन-डब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली घातलेला यूएसबी पोर्टचा राऊटर थेट मॉडेमशी बोलू शकतो.

एक अडचण मात्र खरी आहे. फायबरवरून जी ‘लँडलाईन’ मिळते तिच्यावर जुना मॉडेम लावू नका. तिथे आवाजाचे तुकडे करून ते पाकिटांतून पाठवलेले असतात. माणसाच्या बोलण्यातलं एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळतही नाही, पण मॉडेमची सूरजुळणी तेवढ्यानेही मोडते. त्याला सलग तांब्याची तार लागते. आणि दारात फायबर आलेलं असताना त्यावर मॉडेम चालवण्यात तसाही अर्थ नाही.

गैरसमज : मोठा राऊटर घेतला की वेग वाढेल

राऊटरच्या खोक्यावर ३०० किंवा १२०० असा आकडा असतो. तो तुमचा फोन आणि राऊटर यांच्यामधल्या हवेचा वेग आहे, बाहेरच्या लाईनचा नाही. १९९९ च्या वायफायचा सगळ्यात कमी वेगसुद्धा १ एमबीपीएस होता, म्हणजे डायल-अपच्या सुमारे अठरापट. लाईन ५६ किंवा ६४ ची असेल तर घरातलं वायफाय कितीही जुनं असलं तरी अडसर ते नसतं. नळाला करंगळीएवढी धार असताना मोठी बादली आणून पाणी वाढत नाही.

याचा फायदा मात्र करून घेता येतो. वायफायच्या बाजूला वेग उतू जात असल्यामुळे हॉटस्पॉटचा फोन तुमच्याजवळ असायची गरज नाही, तो टॉवरच्या सोयीने ठेवा. डोंगराच्या कुशीतल्या घरात रेंज एखाद्याच ठिकाणी येते : ओट्याच्या कडेला, माळ्याच्या झरोक्यात, नाहीतर एखाद्या खिडकीच्या चौकटीवर. फोन तिथेच चार्जरला लावून ठेवायचा आणि आपण आत बसायचं. हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, तो मातीच्या आणि विटांच्या भिंतींतून ५ पेक्षा चांगला जातो. पत्र्याला लागून मात्र फोन ठेवू नका. चैत्र-वैशाखात पत्रा तापतो, फोन गरम होतो आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग कमी करतो किंवा बंद पडतो.

‘काड्या फुल आहेत, तरी नेट का नाही?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. तुमच्या फोनवरच्या वायफायच्या काड्या फक्त खिडकीतल्या फोनपर्यंतचं अंतर सांगतात. तिथून पुढे टॉवरपर्यंत काय परिस्थिती आहे ते बघायचं तर उठून खिडकीतल्या फोनचा पडदा बघावा लागतो.

गैरसमज : ५६ के म्हणजे सेकंदाला ५६ केबी

लाईनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ५६ चे होतात ७ आणि ६४ चे ८ केबी, तेही सगळं जुळून आलं तर. तारेवरच्या मॉडेमला प्रत्यक्षात ५ केबीच्या आसपास मिळालं तरी चांगलं समजायचे. एक एमबीला सव्वातीन मिनिटं, हा हिशेब डोक्यात पक्का असला की पुढचं सगळं कळतं.

गैरसमज : चौघं जोडले की वेगाचे चार सारखे वाटे होतात

जोडलेल्या पण गप्प बसलेल्या फोनला वाटा लागत नाही. वाटा मागतो तो डेटा ओढणारा किंवा ढकलणारा. आणि जे मागतात त्यांच्यातही वाटणी सारखी होत नाही. ज्याने एकाच वेळी जास्त जोडण्या उघडल्या आहेत, तो जास्त ओढतो.

सगळ्यात जास्त घोळ वर पाठवताना होतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. ५६ के मॉडेमची व्ही.९० पद्धत १९९८ ची. तिच्यात खाली येणारा वेग ५६ असला तरी वर जाणारा जास्तीत जास्त ३३.६ असायचा. व्हॉट्सॲपने लहान केलेला दीडशे केबीचा फोटोही अशा लाईनवर वर जायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांचं खाली येणारंही थांबतं, कारण आलेल्या प्रत्येक तुकड्याची ‘पोचलं’ अशी पावती वर जावी लागते आणि पावत्या त्या फोटोमागे रांगेत उभ्या राहतात. पावती मिळत नाही म्हणून पलीकडचा हात आखडता घेतो. घरात एक जण लग्नाचे वीस फोटो पाठवत असतो आणि दुसऱ्या खोलीतल्या मुलीचं शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पान अर्ध्यावर अडकलेलं असतं. ती बिचारी साइटला दोष देते.

सेटिंग शोधण्याआधी यावर उपाय म्हणजे सांगून-विचारून वापरणं. ‘मी अर्ज भरतेय, दहा मिनिटं कोणी फोटो पाठवू नका’ एवढं म्हटलं तरी काम होतं. ओपन-डब्ल्यूआरटीच्या राऊटरमध्ये रांगेला शिस्त लावणारी एसक्यूएम नावाची सोय आहे. तिच्यात लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा टाकला की मोठ्या फाइलींना छोट्या पाकिटांची अडवणूक करता येत नाही. बारीक लाईनवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा असं मी म्हणेन.

गैरसमज : मी काही बघत नाहीये, मग नेट कोण खातंय?

तुमचा फोन खातो. वाटून घेतलेल्या नेटचं सगळ्यात मोठं दुखणं हेच.

आजचा फोन असं धरून चालतो की मोबाइल डेटा महाग आणि वायफाय फुकट. त्यामुळे वायफायचं चिन्ह दिसलं की त्याची साठलेली कामं सुटतात. ॲपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ, सगळं एकदम. हे वायफाय बारीक लाईनवर उभं आहे हे त्याला माहीत नसतं. शंभर एमबीचा एक अपडेट ६४ च्या वेगाने उतरायला साडेतीन तास लागतात. तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांनी ‘नेट नाही’ म्हणत बसायचं, आणि कारण मात्र खिशातल्या फोनमध्ये.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडला हॉटस्पॉट दिला तर एक चांगली गोष्ट घडते. देणारा फोन पत्ता देतानाच गुपचूप कळवतो की हे नेट मोजून वापरायचं आहे, आणि घेणारा फोन बरीच जड कामं मागे ठेवतो. पण मध्ये राऊटर किंवा कॉम्प्युटर आला की हा निरोप पोचत नाही. तेव्हा तो हाताने द्यावा लागतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन ते ‘मीटर्ड’ करा. विंडोजमध्येही प्रत्येक वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’चं बटण आहे. ते दाबलं की विंडोज बहुतेक अपडेट पुढे ढकलतं. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये वायफायवर आपोआप उतरणाऱ्या गोष्टींच्या चारही खुणा काढा. प्ले स्टोअरमध्ये ऑटो अपडेट बंद करा आणि गाव-बाजाराला गेल्यावर चांगल्या नेटवर अपडेट घ्या.

ही कामं घरातल्या प्रत्येक फोनवर करावी लागतात, आजोबांच्या फोनवरसुद्धा. शंभरभर लोकांच्या गटात रोज सकाळी येणारे शुभेच्छांचे व्हिडिओ बहुधा त्यांच्याच फोनवर उतरत असतात.

गैरसमज : एवढ्या वेगावर काहीच होत नाही

या समजाने माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, कारण त्यामुळे लोक प्रयत्नच सोडून देतात.

महाराष्ट्राच्याच इतिहासात याचं उत्तर आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरात ७० गावांत कॉम्प्युटरची केंद्रं उभी राहिली. साखर कारखान्याशी ती टेलिफोनच्या तारेवरच्या डायल-अपने जोडलेली होती. तारा खराब, वीज बेभरवशाची. तरीही ऊस उत्पादकाला आपल्या उसाच्या नोंदी, वजन, पैसे यांची माहिती गावातच मिळण्याची सोय झाली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की शेतकरी विचारतो ती माहिती इतकी थोडी आहे की ती मोबाइलच्या एसएमएसमध्ये मावते. सात गावांत त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी एसएमएसची व्यवस्था बसवून दाखवली. बारीक लाईन पुरेल की नाही, हे तिच्यावरून काय मागवायचं यावर ठरतं, हे वारणेच्या शेतकऱ्यांनी तेव्हाच अनुभवलं होतं.

कळवणच्या घराला हेच लावून बघा. कळवण किंवा अभोण्याच्या बाजारात उन्हाळ कांद्याला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी काय भाव निघाला, ही माहिती शंभर अक्षरांचीही नाही. व्हॉट्सॲपचा लेखी निरोप ६४ वर लगेच जातो. यूपीआयच्या व्यवहारात डेटा अगदी थोडा लागतो. तो अडकतो तेव्हा कारण बहुधा मागे चाललेला एखादा अपडेट असतो किंवा बँकेकडची गर्दी. नेट अजिबातच नसेल तर *९९# लावून बँकेचं काम करता येतं, त्याला इंटरनेट लागत नाही. आजच्या इंटरनेट कॉलमध्ये सर्रास वापरली जाणारी ओपस ही ध्वनिपद्धती ६ केबीपीएसपासून चालते. म्हणजे नुसत्या आवाजाचा कॉल ६४ वर शक्य आहे, बाकी घर तेवढा वेळ गप्प असेल तर.

शक्य नाही ते म्हणजे व्हिडिओ. आणि चित्रांनी भरलेल्या साइटी. चित्रं न उतरवण्याची सोय असलेला ब्राऊझर घेतला तर बातमीचं पान वाचता येतं, पण ऑनलाइन तासिका चालणार नाही, आणि तसं आश्वासन कोणी मुलांना देऊ नये. शिक्षकांनी तासाच्या ऐवजी धड्याचा आवाज किंवा पानभर मजकूर पाठवला तर मात्र पाड्यावरचं मूल मागे पडत नाही. सरकारच्या व्याख्येतही हा फरक दिसतो. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ती अट ५१२ झाली आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. ६४ चा वेग त्यातल्या पहिल्या पायरीच्याही चौथाईवर आहे. हा वेग वाटून कसा घ्यावा हे शिकणं गरजेचं आहे, पण म्हणून पाड्यांपर्यंत फायबर न्यायचं काम लांबवायला ती सबब होऊ शकत नाही.

गैरसमज : जुन्या लाईनला जुनाच कॉम्प्युटर हवा

उलट आहे. डायल-अप म्हटलं की माळ्यावरचा एक्सपीचा कॉम्प्युटर खाली काढतात, आणि निम्म्या साइटी उघडल्या नाहीत की लाईनच्या नावाने बोटं मोडतात. बँकेच्या, सरकारी, सगळ्याच साइटी आता नव्या कुलूपबंद पद्धतीने बोलतात. त्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्या मोठ्या ब्राऊझरांनी २०२० च्या सुमाराला बंद केल्या. एक्सपीसोबत आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररला नवी आवृत्ती बोलताच येत नाही. लाईन ५६ ची असली तरी तिच्यावर नवा फोन नवं कुलूप उघडतो, थोडा सावकाश उघडतो इतकंच. शिवाय ज्या एक्सपीला सुरक्षेचे अपडेट २०१४ पासून बंद झाले, त्याच्यावरून बँकेत शिरणं धोक्याचंच.

गैरसमज : फोन आला की नेट तुटायचं, ते दिवस गेले

तारेवर कॉल वेटिंगची ‘टूं’ वाजली तरी डायल-अप तुटायचं. टू-जीच्या रेंजवर आजही कॉल चालू असेपर्यंत डेटा थांबतो, आणि ज्या फोनमध्ये व्होल्टी चालू नाही तो कॉल आला की खालच्या नेटवर्कवर उतरतो. म्हणून हॉटस्पॉटचा फोन शक्यतो असा ठेवा, ज्याच्यावर कोणी फारसं फोन करत नाही. आणि हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवाच. ‘एवढ्या हळू नेटला कोण चिकटणार’ असं वाटतं खरं, पण ६४ मध्ये एक परका फोन शिरला की घराचं काम थांबतं, आणि त्याने काही भलतंसलतं केलं तर चौकशी तुमच्या नंबरची होते.

गैरसमज : लाईट गेली तरी टेलिफोन चालतो, म्हणजे नेटही चालेल

तांब्याच्या तारेवरचा टेलिफोन चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच मिळते. मॉडेम, कॉम्प्युटर आणि वायफाय राऊटर यांना मात्र घरची वीज लागते. फायबरच्या डब्यालाही लागते, त्यामुळे फायबरवरचा टेलिफोन लाईटबरोबर बंद पडतो. राऊटरसाठी बाजारात १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवून घेतले तर दोन-तीन तास निघतात. हॉटस्पॉटच्या फोनला पॉवर बँक पुरते. लाईट जाऊन बराच वेळ झाला आणि खिडकीतल्या फोनची रेंजच गेली, तर टॉवरची बॅटरी उतरली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी फोन बंद-चालू करण्यात, सिम काढून पुसण्यात किंवा नवा रिचार्ज मारण्यात काही हशील नाही.